कळमजाईचा दिवा आणि ब्याटरीची सायकल

"घरातनं पाय भायेर पडला की तोंड बंद. दिवा लागंस्तवर येक सबुद न्हाई. आन दिवा लागल्याबिगर घरात चूल पेटवायची न्हाई. ऐकतीस न्हवं?"

सासूबाईंचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. विशेषतः संध्याकाळी, तेलाची बाटली आणि काडेपेटी पिशवीत टाकताना. जानकाबाई त्यांचं नाव. त्यांनी हा नेम माझ्या ओटीत घातला तेव्हा मी "ऐकते" म्हणाले, आणि अजून ऐकतेच आहे.

नेम साधा आहे. नारायणगावाच्या बाहेर, हायवे ओलांडून कालव्याच्या रस्त्याला लागलं की एका टेकाडावर कळमजाईचं लहानसं देऊळ लागतं. तिथं रोज दिवेलागणीला आमच्या घरातल्या एका सुनेनं दिवा लावायचा. जाताना मौन पाळायचं. सासूबाईंच्या मते बाई वाटेत बोलायला लागली की तेल देवळात पोचतं, पण बाई वाटेतच राहते. त्यांचा बायकांचा अभ्यास दांडगा होता. शिवाय एक रीत अशी, की एका संध्याकाळी जरी दुसऱ्या सुनेनं दिवा लावला, तरी तो तिचा झाला. परत मागायचा नाही.

तसे माझे नेम पुष्कळ आहेत. सोमवार आहे, गुरुवार आहे, चतुर्थी आहे, तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही. पण ते सगळे गरीब स्वभावाचे नेम, ज्याचे त्यानं भोगायचे. हा एकच असा की सगळ्या घराला भोवतो. मी दिवा लावून परत येईपर्यंत गॅस पेटत नाही, आणि यांना साडेसातच्या ठोक्याला ताट लागतं. 'हे' म्हणजे आमचे यजमान. नाव मी घेत नाही; शेजारी सयाजीराव म्हणतात, तेवढ्यावर भागवून घ्यावं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून यांची सगळी शिस्त पोटात उतरली आहे.

मी बालवाडीत शिकवायची तेव्हाची माझी लेडीज सायकल आहे. तिच्यावर बसून मी वर्षानुवर्षं देवीला जात आले. मग एका साली श्रावणात गुडघ्यानं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, "पायडल मारणं बंद. चढ तर बघायचासुद्धा नाही."

"आणि देवळात?"

"घरातूनच हात जोडा की. देव काय, सगळीकडे असतो."

डॉक्टर मंडळींना हे फार लवकर कळतं. देव सगळीकडे असला तरी नेम एकाच ठिकाणी असतो, हे मात्र त्यांना शिकवत नसावेत. कालव्याचा रस्ता कच्चा, रिक्षावाले यायला तयार नाहीत. यांची स्कूटर यांनीच विकून टाकली होती, कारण ती यांचं ऐकत नव्हती.

त्यातच वस्तीवरून दूध घालायला येणाऱ्या भागूबरोबर एक निरोप आला. आमच्या थोरल्या जाऊबाई, बायडाबाई, त्याच वस्तीवर, देवळाच्या पायथ्यालाच राहतात. त्यांचं अंगण आणि देवीची पायरी यांच्यात एक बाभळीचं झाड तेवढं आहे. तरी सासूबाईंनी दिवा धाकट्या सुनेला दिला, कारण बायडाबाईंना उंबरा ओलांडायला लागतो तेवढा वेळही गप्प राहता येत नसे. त्या दिवसापासून आमचं बोलणं सणासुदीपुरतं उरलं. तर निरोप असा, "गुडघा धरला आसंल तर सांगा म्हनावं. देऊळ माज्या दारात हाय, आन माजं गुडघं अजून शाबूत हायेत."

त्या दिवशीचं दूध तापवताना नासलं नाही, याचं मला नवल वाटलं.

मी रडले वगैरे नाही. फक्त देवघरासमोर जरा जास्त वेळ बसले. हे दारातून दोनदा डोकावून गेले आणि तिसऱ्यांदा आत येऊन म्हणाले, "सायकलला मोटर बसवू."

मला वाटलं, भुकेनं असं होत असेल. पण नाही. यांनी पुण्याला कुठल्याशा प्रदर्शनात पाहिलं होतं. साध्या सायकलचं मागचं चाक काढायचं, मोटरचं चाक घालायचं, कॅरियरवर ब्याटरीचा डबा बसवायचा, हँडलला रेसची मूठ लावायची. मूठ पिळली की सायकल आपोआप चालते. ना पेट्रोल, ना आवाज, ना पायडल. "विजेचा वेग आणि सायकलची नम्रता," हे म्हणाले. खात्यात असताना हे असं काही बोलल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं.

मी डोळे मिटले आणि मला दिसलं, मी चालले आहे. पाय हलत नाहीत. पदर मागे तरंगतो आहे. दोन्ही बाजूंनी द्राक्षांचे मांडव हळूहळू मागे सरकताहेत, आणि मी काही न करता, काही न बोलता, देवीच्या दारात जाऊन उभी राहते आहे. डोळे उघडले तेव्हा मी "बसवा" म्हणून गेलेली होते.

खोकं एसटीच्या पार्सलनं आलं. बसवायचं काम स्टँडामागे विहिरीच्या जळालेल्या मोटरी तारेनं भरून देणाऱ्या रत्नदीपला दिलं. रत्नदीप बोलायला मोकळा माणूस. किट पाहून म्हणाला, "काकू, ह्यात काय अवघड हाय? विहिरीतली मोटर पानी वर खेचती, ही तुमाला वर खेचंल. फरक येवढाच, तुमी पान्यापरीस गप असता."

काम आमच्या अंगणातच चाललं. हे पाठीमागे हात बांधून पाहणी करत उभे. शेजारचे सावळाराम भावजी, एसटीचे रिटायर ड्रायव्हर, तेही कुंपणावर कोपर टेकून हजर. त्यांची बायको साळुबाई तांदूळ निवडायला मुद्दाम बाहेर आलेली. सगळं सुरळीत होतं, ते किल्लीपाशी येऊन अडलं. मोटर चालू-बंद करायची किल्ली कुठं बसवायची? रत्नदीप म्हणाला, पुढं, हँडलजवळ. हे म्हणाले, मागं, कॅरियरच्या खाली.

"सर, मागं कशापायी?"

"चोराला सापडता कामा नये."

"आवो, चोराला न्हाई घावणार, पर काकूला तरी घावंल का?"

"तिला काय करायचंय किल्लीचं? लावून मी देणार, काढून मी घेणार."

मी काही बोलले नाही. माझं मौन फक्त संध्याकाळचं असतं, हे लोकांच्या लक्षात राहत नाही. दिवसा मी गप्प असते ते निव्वळ स्वभावानं. किल्ली मागं बसली.

"करंट लागंल का वो हिला?" साळुबाईनं तांदळातून मान वर केली. रत्नदीपनं न्हाई म्हणून सांगितलं, पण तिची खात्री पटली नाही. पुढं कितीतरी दिवस ती मला हळदीकुंकू हात लांब करून, मान मागं घेऊन लावत असे. वहिनी, रबरी चपला घालूनच देवाला जात जा, असा सल्लाही तिनं दिला. देवळात चपला काढाव्या लागतात, हे तिला त्या घाईत आठवलं नसावं.

मला शिकवायची जबाबदारी सावळाराम भावजींनी आपण होऊन घेतली. त्यांनी जन्मभर भीमाशंकरचा घाट चालवलेला, त्यामुळे आमच्या गल्लीतला पाण्याचा खड्डाही त्यांना दरीसारखा दिसे. "वहिनी, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं न्हाई! बघितलं की त्यो थांबत न्हाई, मग आपल्यालाच थांबावं लागतं. मागं पॅसेंजर हाय असं समजून ब्रेक मारायचा. आन टायमिंग! टायमिंग चुकलं की गाडी रिकामी असली तरी चुकलं." मी मान डोलवत राहिले. त्यांनी खिशातून शिट्टी काढून वाजवली, तेव्हा मात्र मला माझ्या बालवाडीची फार आठवण आली.

मग सुरू झालं भारनियमन. म्हणजे ते आधीपासूनच होतं. पण आतापर्यंत आपण फक्त अंधारात बसत होतो, आता अंधाराशी आमचा व्यवहार सुरू झाला. ब्याटरी भरायला वीज पाहिजे, आणि वीज कधी येणार ते वायरमनलाही माहीत नाही. यांनी वेळापत्रक करून भिंतीवर लावलं. वीज मंडळानं ते पाहिलं नसावं. दिवसा वीज जायची, पहाटे यायची, की हे उठून पिन लावायचे. सायकल बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी, पाहुण्यासारखी उभी. आलेले लोक आधी तिला नमस्कार करावा की काय अशा घोटाळ्यात पडत.

मला मात्र ती पहाट आवडायला लागली. देवघरात नंदादीप, आणि उंबऱ्यापलीकडे चार्जरचा बारीक तांबडा दिवा. दोन्हींची हालचाल नाही, दोन्ही जागे. जप करता करता मला कधीकधी कळेनासं व्हायचं की कुठला कुणासाठी तेवतो आहे. एकदा तंद्रीत मी जास्वंदीचं फूल चार्जरला वाहिलं. हे म्हणाले, "असू दे. त्याचीही गरज आहे."

आणि मग मी खरोखरच गेले. पहिल्या दिवशी सगळी गल्ली दारात. यांनी किल्ली लावली, भावजींनी शिट्टी वाजवली, मी मूठ पिळली. सायकल निघाली. आवाज असा नव्हताच. चाकाखाली माती कुजबुजते, तेवढाच. हायवे ओलांडला, टोमॅटोच्या गाड्या मागं राहिल्या, आणि कालव्याच्या काठाला लागल्यावर मला खरंच वाटलं की मी सायकलवर नाही, संध्याकाळवर बसले आहे. कालव्याचं पाणी माझ्याबरोबर चालत नव्हतं, समोरून येत होतं, आणि त्यात आभाळ वाहत होतं. उसाच्या तुऱ्यांतून वारा जायचा, तो माझ्यातूनही जायचा. बगळे उडालेसुद्धा नाहीत. मौन आता पाळावं लागत नव्हतं, ते आपोआपच पसरत होतं. चढ आला तोही उतारासारखा वाटला.

देवळापाशी बायडाबाई अंगणात उभ्या होत्या. त्यांनी सायकलकडे पाहिलं, माझ्या न हललेल्या पायांकडे पाहिलं. दिवा लावून मी बाहेर आले, बोलायला मोकळी झाले; पण मी काही बोलले नाही, आणि नवल म्हणजे त्याही नाही बोलल्या. मला वाटलं, जळल्या. मी मनात थोडीशी, अगदी वातीच्या टोकाएवढी, खूश झाले. देवीसमोरच झाले, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

ही खुशी हायवेच्या चौकापर्यंत टिकली. आठवडाभरानं तिथं एका हवालदारानं हात आडवा केला.

"मावशी, थांबा. पायडल न मारता चाललाय. ही गाडी झाली. लायसन?"

मी देवळाकडे निघाले होते. दिवा लागायचा होता. मी हात जोडले.

"हात काय जोडता? लायसन. पीयूसी."

मी आकाशाकडे बोट केलं. म्हणजे, वेळ झाली, देवी वाट बघते. त्यांनी वर पाहिलं.

"वरच्यांची ओळख सांगता व्हय मला? कोन वरचे? नाव घ्या." मग मी मान हलवली, पिशवीतली तेलाची बाटली काढून दाखवली. "ऑइल? मिक्स करून चालवता?" त्यांनी बाटलीचा वास घेतला. "गोडंतेल! गाडी गोड्यातेलावर चालती!" लोक जमले. कुणी म्हणालं, बाई मुकी आहे. कुणी म्हणालं, नाही हो, बालवाडीच्या बाई त्या, आमच्या पोराला शिकवलंय. मग नक्की मुकं कोण झालं, अशी चर्चा सुरू झाली. मी चौकात मधोमध, रबरी चपला घालून, जोडलेल्या हातांत गोडंतेल धरून उभी. माझ्या नेमाच्या आयुष्यात इतकं मोठं व्रत मी कधी केलं नव्हतं.

शेवटी भावजी कुठूनसे आले आणि माझ्या वतीनं इतकं बोलले की मौनाची भरपाई झाली. हवालदार नरमले. "बरं, देवाचं काम हाय तर जाऊ द्या. पर कागद लागत न्हाई, असा कागद आणून ठिवा."

तो कागद आणायला हे पुण्याच्या बाजूच्या एका कचेरीत गेले. तिथले साहेब म्हणाले, या सायकलला नोंदणी लागत नाही. हे म्हणाले, तसं लिहून द्या. साहेब म्हणाले, जिची नोंद नाही, तिच्याबद्दल आम्ही लिहिणार कसं? लिहिलं की नोंद झाली. यांनी तीस वर्षं सरकारी नोकरी केलेली. हे परत आले ते जवळजवळ आनंदानं. "अगदी बिनतोड बोलला," म्हणाले. "आमच्या खात्यात असता तर लांब गेला असता."

असं करत दसरा आला.

दसऱ्याला गाडीची पूजा करायची, हे काही कुणी कुणाला सांगावं लागत नाही. रत्नदीपनं आधीच बजावलं होतं, "धुवायची न्हाई हां. सीटखाली ही काळी डबी हाय ना, हिला पान्याचा थेंब लागला की कारभार आटपला." आम्ही शब्दशः पाळलं. यांनी कोरड्या फडक्यानं सायकल पुसली. मी हळदकुंकूसुद्धा पाण्यात न कालवता कोरडंच लावलं. झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. यांनी पुढच्या चाकापाशी नारळ फोडला आणि मग, जसं आपल्या सगळ्यांकडे करतात तसं, करवंटीतलं पाणी मोठ्या भक्तिभावानं सायकलवर शिंपडलं. हँडलवर, मुठीवर, मोटरवर, आणि शेवटी उरलेलं, आशीर्वादासारखं, त्या काळ्या डबीवर.

भावजी आणि साळुबाई धरून अंगणात आम्ही चार शहाणी माणसं होतो. त्यांतल्या एकानं जन्मभर पाटबंधारे खात्यात पाणी मोजलं होतं. पण ते पाणी आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. नारळाच्या पाण्याला पाणी कोण म्हणतं?

संध्याकाळी मी आपट्याची पानं पुढच्या टोपलीत घालून निघाले. हायवे ओलांडेपर्यंत सायकल शहाण्यासारखी होती. कालव्यावर वळताच तिला जरा हुरूप आला. मी मूठ सोडली. हुरूप तसाच. ब्रेक दाबले, ब्रेकची रबरं माझ्या गुडघ्याच्या वयाची, ती नुसती किंचाळली. किल्ली पाठीमागे, कॅरियरच्या खाली, चोरापासून सुरक्षित.

समोर मेंढरं. 'सरका' म्हणून ओरडावं तर मौन. मी घंटी वाजवत सुटले. मेंढपाळानं माझ्याकडे पाहिलं. मी भावजींचा उपदेश आठवून त्याच्या डोळ्यांत पाहिलं नाही, आणि खरंच तो थांबला. मेंढरं दुभंगली. टेकाड आलं. देऊळ आलं. बायडाबाई अंगणात उभ्या दिसल्या, त्यांचं तोंड उघडलेलं दिसलं, आणि देऊळ गेलं. आपट्याची पानं टोपलीतून एकेक करून उडत होती. ज्यांना मी कधी ओळखत नव्हते अशा उसांना, बांधांना, म्हशींना मी सोनं वाटत चालले होते. आणि काय सांगू, भीतीच्याही पलीकडे एक जागा असते, तिथं सगळं फार संथ असतं. सूर्य अर्धा बुडालेला, पाणी तांबूस, आणि मी त्या पाण्याच्या उलट दिशेनं, जिथून ते येतं तिकडे, पिसासारखी वाहत चाललेली. मला क्षणभर वाटलं, नाहीच थांबलं तर काय बिघडलं?

थांबलं ते झेंडूत. त्या दिवशी बाजार पडला होता. न खपलेला झेंडू शेतकरी दसऱ्याच्या संध्याकाळी परत येताना रस्त्याकडेला ओतून देतात. तसा एक अख्खा टेम्पोभर ढीग वळणावर पडला होता. सायकल त्यात शिरली आणि पाठोपाठ मी. तोंडातून आवाज निघाला, पण तो शब्द नव्हता, असं मी देवीच्या साक्षीनं सांगते. आडव्या सायकलचं चाक फुलं उडवत फिरतच राहिलं. मी हात लांब करून किल्ली बंद केली. सापडली पहिल्याच झटक्यात.

सायकल तिथंच टाकून मी लंगडत परत निघाले. अंधार पडत चालला होता. दिवेलागणीची वेळ केव्हाच टळली होती. चालताना मी मनाची तयारी करत होते. आता देवळात उजेड दिसेल. बायडाबाईंनी काडी ओढली असेल. दारातच देव, सण, उशीर, कुणीही ओढेल. आणि रीत म्हणजे रीत, दिवा गेला. उद्यापासून संध्याकाळी मी काय करायचं? साडेसातला वेळेवर ताट वाढायचं, बस. त्या विचारानं गुडघ्यापेक्षा दुसरंच काहीतरी दुखायला लागलं.

देवळात अंधार होता.

पायरीवर कुणीतरी बसलं होतं. जवळ गेले तर बायडाबाई. शेजारी तेलाची वाटी, हातात काडेपेटी.

"आलीस? आगं, कुटं निघाली व्हतीस येवढ्या तिरमिरीत? म्या वरडली, पर तू काय! आन ह्यो केसात झेंडू कसला माळून आलीस? समदी घरात उपाशी बसल्यात. म्या म्हनलं चूल पेटायची न्हाई. तुज्या दिराला चिवडा दिला, त्यो गिळून बसलाय."

मी त्यांच्या हातातल्या काडेपेटीकडे पाहिलं.

"बघतीस काय? कवाधरनं हातात हाय. वढायची तर वढली असती. कोन बघत व्हतं? देवीला काय, उजेडाशी काम." त्यांनी काडेपेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "पर म्हनलं, तुजा दिवा हाय. पडली धडपडली आसंल बिचारी. सनाच्या दिशी कसा घ्यायचा?"

माझ्या ओठांवर 'अहो' आलं होतं. ते मी गिळलं. एरवी मी पहिल्या वाक्यालाच माझ्या गुडघ्याची आणि नारळाची कहाणी लावून दिली असती. आता बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"आत्यांनी मला दिवा दिला न्हाई, म्या बोलती म्हनून. खरं हाय. बोलती. पर कशापायी बोलती, ते कुनी इचारलं का?" त्या कालव्याकडे बघत होत्या. "माजं माहेर डिंब्याच्या धरणात गेलं. तुमाला सनाला कुनी इचारतं, माहेरी कवा जानार? मला कुनी इचारत न्हाई. कुटं जानार म्हनून इचारत्याल? मग म्या आपलं दुधावर बोलती, पावसावर बोलती. येका जागी गप बसलं की मला त्ये पानीच दिसतं." मग पाण्याकडे बोट करून म्हणाल्या, "ह्यो कालवा डिंब्यावरनंच येतो. रोज सांजच्याला हितं बसून बघती. म्हनती, हे पानी आमच्या वट्यावरनं आलंय, जात्यावरनं आलंय. तुजी सायकल पयल्यांदा आली तवा म्या गपच झाली. आवाज न्हाई, काय न्हाई. वाटलं, हिच्या मागं बसावं, आन ह्या काठाकाठानं वर वर जावं. माहेरापत्तूर न्हाई गं, येवढं कुटलं. नुसतं तिकडं तोंड करून."

आणि मला वाटलं होतं, जळल्या.

मी उठले. त्यांचा हात धरून त्यांना गाभाऱ्यात नेलं. वात तेलात भिजवली. काडेपेटी मी मागितली नाही. त्यांच्या हातावर माझा हात ठेवला, आणि आम्ही दोघींनी मिळून काडी ओढली. पहिली विझली. दुसरी लागली. दिवा कुणाचा झाला, हे रीतीलाही सांगता येऊ नये, असा तो लागला.

आता मी बोलायला मोकळी होते, आणि बायडाबाई गप्प झाल्या होत्या.

"जाऊबाई, नेईन तुम्हाला," मी म्हणाले.

"कुटं?"

"कालव्यानं. वर. ब्याटरी नेईल तिथवर."

"आन ब्याटरी संपली म्हंजी?"

"मग ढकलू दोघी."

त्या पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "बोलवतंय का तुला इतकं? सवय न्हाई तुला."

थोड्या वेळानं हे आणि भावजी एक जीप घेऊन, टॉर्च मारत आले. यांनी आधी "सायकल कुठाय?" विचारलं, मग "दिवा लागला का?" आणि मग, माझ्याकडे नीट पाहून, फार हळू आवाजात, "लागलं का कुठं?" प्रश्नांचा क्रम चुकला, तरी तिसरा आला हे महत्त्वाचं. त्या रात्री आम्ही बायडाबाईंच्याच चुलीवरचं पिठलं खाल्लं. यांनी किती भाकऱ्या खाल्ल्या, ते मी मोजलं नाही.

रत्नदीपनं काळी डबी उघडली तर आत मुंग्या. "काकू, हिच्यात संसार झालाय मुंग्यांचा. पानी कुटनं गेलं?" सगळ्यांनी पाटबंधारे खात्याकडे पाहिलं. "ते पाणी नव्हतं, तीर्थ होतं," हे म्हणाले, आणि खोलीत निघून गेले. नवी डबी आली. मी आयुष्यात पहिल्यांदा अंगणात जरा मोठ्यानं बोलले, आणि किल्ली पुढं आली. ब्रेकची रबरंही नवी आली. ब्याटरीचा डबा मात्र कॅरियरवर. मग बायडाबाई बसणार कुठं? तो पुढच्या टोपलीच्या जागी हलवायला सांगितला. "का?" म्हणून रत्नदीपनं विचारलं. "असंच," मी म्हणाले.

पण असंच काही राहत नाही. यांना संशय आला. दोन माणसं? वजनाचं काय? आधी कॅरियरवर ज्वारीचं पोतं बांधून चाचणी घेऊ, अहवाल बघू, मग ठरवू. भावजींचं मत पडलं की पॅसेंजर घ्यायचा तर थांबे आधी ठरवले पाहिजेत. साळुबाईनं विचारलं, दोघींना एकदम करंट लागला तर? तीन दिवस अंगणात यावरच बैठक चालली होती. मी सगळ्यांना चहा दिला.

कोजागिरी झाल्यावरची एक पहाट. वीज रात्रभर होती, हेही एक नवलच. चार्जरचा तांबडा दिवा हिरवा झालेला. मी पूजा आटोपली, तुळशीला पाणी घातलं. चहा घेतला नाही. म्हटलं, घेऊ दोघी मिळून वाटेत कुठंतरी. कॅरियरवर जुनी शाल घडी घालून बांधली, बायडाबाईंना टोचू नये म्हणून. आतल्या खोलीत हे झोपले होते. पलीकडे भावजींच्या खोकल्याला अजून जाग आली नव्हती.

सायकल उंबऱ्यावरून अलगद खाली उतरवली. दाराची कडी आवाज न करता ओढून घेतली. धुक्यात गल्ली दिसत नव्हती, नुसती होती असं वाटत होतं.

मी किल्ली फिरवली आणि वस्तीकडे निघाले.